प्रत्यक्ष भेटीत सांगू

"मॅडम, तुमच्या मंडळात एकशे सहा वर्षांची वधू आहे," पुण्याहून आठल्ये म्हणाले.

मी रिसीव्हर कानाला तसाच धरून कुंदाताईंकडे पाहिलं. त्या समोर बसून कोकमाचं सरबत ढवळत होत्या.

"एकच आहे का?" मी विचारलं.

"नाही ना. चांगल्या पंधरा-वीस आहेत. सगळ्यांचा जन्म एक जानेवारी एकोणीसशेचा. वरही आहेत त्याच दिवशी जन्मलेले. त्यांचं आपापसात जमवलंत तरी माझी हरकत नाही, पण आमची वेबसाइट त्यांना घेणार नाही."

हे सगळं २००६ सालचं. मी कोल्हापुरातून बीसीएस होऊन कुडाळला परत आले होते आणि दळवीसरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मुलांना टायपिंग शिकवत होते. शिकले होते डेटाबेस, पण कुडाळात तेव्हा डेटाबेस होताच कोणाकडे? होता तो एका कुंदाताई वालावलकरांकडे. त्या घराच्या पडवीत वधू-वर सूचक मंडळ चालवायच्या. त्यांच्या पुतण्याने दुबईला जायच्या आधी त्यांची सगळी स्थळं कॉम्प्युटरवर चढवून दिली होती, आणि तो गेल्यापासून त्या मशीनकडे त्या पाहुण्यासारखं बघत होत्या. पुसायच्या, झाकायच्या, पण जवळ जायच्या नाहीत.

पुण्याची एक कंपनी गावोगावच्या मंडळांची स्थळं एकत्र करून मोठी वेबसाइट काढत होती. दसऱ्याला ती सुरू व्हायची होती. सगळ्या मंडळांनी आपली माहिती एक्सएमएलमध्ये पाठवायची, असा तिथल्या आठल्येंचा निरोप आला आणि कुंदाताईंनी दळवीसरांकडे मला मागून घेतलं. मागून घेतलं म्हणजे अक्षरशः मागून घेतलं. "ती साटमांची हेमांगी महिनाभर मला दे," म्हणाल्या, "जेवण माझ्याकडे."

फोन ठेवल्यावर मी त्यांना काय झालं ते सांगितलं.

"असं बघा ताई, आपल्या मशीनमध्ये तक्ता आहे. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, एकेक रकाना. त्यातून आपण माहिती मागवतो आणि एक्सएमएल करतो. म्हणजे प्रत्येक गोष्टीला नावाचा टॅग लावतो. हे नाव, ही तारीख, ही उंची."

"फळीवरचे डबे," कुंदाताई म्हणाल्या. "डब्यावर नाव, आत जिन्नस."

"बरोबर. पण काहींची जन्मतारीख आपल्याकडे नाहीच. म्हणून मी तिथे रिकामा मजकूर भरून पाठवला. तारखेच्या डब्यात रिकामं काही बसत नाही, तर कॉम्प्युटरने त्याला माहीत असलेली सगळ्यात पहिली तारीख घातली."

"एकोणीसशेची."

"हो."

"मग भरू नकोस ना काही. मोकळाच ठेव."

"मोकळा ठेवला की प्रोग्राम डबाच फळीवरून काढून टाकतो. टॅगच येत नाही."

कुंदाताईंनी सरबताचा पेला माझ्यापुढे सरकवला. "हे मात्र वाईट. आमच्याकडे साखर संपलीय, की आम्ही साखर खातच नाही, हे मग पाहुण्याला कळायचं कसं?"

मला तेव्हा त्यांचा पापा घ्यावासा वाटला. कोल्हापुरात आमच्या सरांनी 'नल'वर, म्हणजे मोकळ्या रकान्यावर, अख्खा तास घेतला होता आणि अर्धा वर्ग झोपला होता.

खरंतर त्यांना ते माझ्याआधीपासून कळत होतं. 'मंगळ आहे का' या एका रकान्यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. मंगळ नाही, पत्रिका दाखवलीच नाही, आणि जन्मवेळच ठाऊक नसल्यामुळे मंगळ आहे की नाही ते कधीच कळणार नाही, या तीन गोष्टी एकच समजून चालणारा माणूस त्यांच्या पडवीतून बोलणी खाऊनच जायचा.

उपाय सापडायला मला दोन दिवस लागले. माहिती मागवायच्या क्वेरीत एक जास्तीचा शब्द घातला की मोकळ्या रकान्याचाही टॅग तयार होतो आणि त्याच्यावर खूण येते, की इथे किंमत नाही आणि ते आम्हाला माहीत आहे. त्या खुणेला 'निल' म्हणतात. मी तशी फाइल पाठवली. एकशे सहा वर्षांच्या वधू एका फटक्यात नाहीशा झाल्या. आठल्येंनी फोनवर टाळ्या वाजवल्या.

"फक्त एक नोंद अडकलीय, मॅडम," ते म्हणाले. "शर्मिला खवणेकर. वैवाहिक स्थितीला निल आहे. बाकी कशालाही चालेल, त्याला नाही चालत. अविवाहित, विधवा किंवा विधुर, घटस्फोटित. यातलं एक पाहिजेच. आणि एक अडकली की आमच्याकडे अख्खी फाइल अडकते."

"कुठलं तरी एक घालून टाका, असं म्हणताय?"

"मी कशाला म्हणू? पण घालायचं झालं तर अविवाहित घाला. बहुतेक तेच असतं."

कुंदाताईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "बहुतेक म्हणजे काय हो? बहुतेकशी लग्न लावता का तुम्ही पुण्यात?" आणि ठेवून दिला.

शर्मिला खवणेकर हे स्थळ त्यांच्या ध्यानात येईना, आणि याचंच त्यांना फार लागलं. मग आठवलं. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर भाची पडवीत बसली होती, तिने घेतलेली नोंद. वय तीस. गाव खाजणवाडी, वेंगुर्ल्याच्या अलीकडचं. नोंदवणारी व्यक्ती, आई. अपेक्षा, काही नाही. फोन नाही.

"चल," कुंदाताई म्हणाल्या. "विचारूनच येऊ. तेवढेच ताजे बांगडे बघू."

त्या पन्नाशीच्या पुढे होत्या आणि मोपेड अशी चालवायच्या, की मी मागे बसून सबंध वाटभर त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं. पाट, परुळे ही गावं मागे पडली. खाजणवाडीत कोणालाही विचारलं असतं तरी घर सापडलं असतं, इतकी वाडी लहान. घरापुढच्या खळ्यात एक सत्तरीची बाई सुकत घातलेले बांगडे उलटे करत होती. अंगाने काटकुळी, पण हात असे चालत होते की बघत राहावं.

"मंजुळाबाई खवणेकर?" कुंदाताईंनी विचारलं.

"मीच. येवा. त्या बाकड्यार बसा, थयसर सावळी आसा."

कुंदाताईंनी आपली ओळख सांगितली. मंडळाचं नाव ऐकताच मंजुळाबाईंनी हातातला मासा खाली ठेवला, लुगड्याला हात पुसले आणि आधी रस्त्याकडे बघितलं.

"ता घराक नाय," त्या म्हणाल्या. "काजूच्या फॅक्टरीत जाता. येतला आता एवढ्यात. तुमका काय विचारूचा आसा ता बेगीन विचारा."

"मुलीला माहीत नाही का नाव नोंदवलंय ते?"

"नाय."

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. असलं त्यांना नवीन नव्हतं. आया मुलींच्या नकळत नावं नोंदवायच्याच.

मी सरळ विचारलं, "एक जागा मोकळी राहिलीय आजी. मुलगी अविवाहित आहे, की आधी लग्न झालं होतं?"

"झाला होता."

"मग विधवा लिहू?"

मंजुळाबाईंनी खाली वाकून एक बांगडा उचलला, उलटा केला, मग दुसरा.

"घटस्फोट झाला का?" कुंदाताईंनी हळू आवाजात विचारलं.

"घटस्फोट कित्याक होतलो? तसो नव्हतो तो."

"मग नवरा कुठे आहे तिचा?"

"ता जर माका म्हायत असता," मंजुळाबाई म्हणाल्या, "तर मी ती जागा मोकळी ठेवलंय असतंय?"

माझ्या डोक्यात अजून काहीच शिरलं नव्हतं. कुंदाताईंच्या शिरलं. त्या बाकड्यावरून उठल्या, पदर खोचला आणि मंजुळाबाईंच्या शेजारी खाली बसून त्याही बांगडे उलटे करायला लागल्या.

"मुलगा तुमचा," त्या म्हणाल्या.

"होय. दिगंबर. शर्मिला माझी सून."

मग त्यांनी सांगितलं. एकीकडे हात चालूच होते. दिगंबर गोव्याच्या एका ट्रॉलरवर होता. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. एका जून महिन्यात वादळ झालं, बाकीचे ट्रॉलर परतले, हा परतला नाही. फळी नाही, जाळं नाही, माणूस नाही. त्याच्यावरच्या बाकीच्या तिघांच्या घरच्यांनी वर्षभरात बारावं-तेरावं करून टाकलं. मंजुळाबाईंनी केलं नाही.

"आठ वर्सां झाली," त्या म्हणाल्या. "चेडवाचा वय जाता. माहेराक कोण नाय तिच्या. मी आज आसंय, उद्या नाय. म्हणान एकदा कुडाळाक डॉक्टरकडे जातंय असा सांगून तुमच्याकडे इलंय. सासू म्हणान नाव सांगलंय असता तर तुमच्या भाचीन घेतला असता? म्हणान आई म्हटलंय. मगे तिना विचारला, लगीन झाला हा काय? आता काय सांगू? होय म्हटला तर तिचा परत लगीन कसा होतला? नाय म्हटला तर खोटा. आणि विधवा..."

त्यांनी एक बांगडा उगाच परत उलटा केला.

"विधवा म्हटला तर झील मेलो, माझो दिगंबर मेलो. ता माझ्या तोंडान मी कसा सांगू गो? मी काय सांगूक नाय. ती म्हणाली, असूं दे, मोकळा ठेवतंय."

मी पर्समधून पेन काढलं होतं, ते परत आत ठेवलं. मला आठल्येंचा आवाज ऐकू येत होता. यातलं एक पाहिजेच.

तेवढ्यात गडग्याच्या दगडी भिंतीपलीकडून कोणीतरी म्हणालं, "आये, कोण इला हा?"

शर्मिला उंच होती, सावळी, बोटं काजूच्या तेलाने काळी पडलेली. गळ्यात मंगळसूत्र. आम्हाला बघून ती हसली आणि पाणी आणायला आत वळली. कुंदाताईंनी तिला थांबवलं. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही, धंद्यातही नाही. त्यांनी आपण कोण ते सांगितलं आणि कशाला आलो तेही सांगितलं.

शर्मिलाचं हसू तसंच राहिलं, फक्त ते आता कशासाठी आहे हे तिलाच कळत नव्हतं.

"कोणी नोंदवलं माझं नाव?"

मंजुळाबाई बांगड्यांची ओळ सरळ करत होत्या. ती सरळच होती.

"आये?"

"मी गेल्यार तुझा कोण आसा?" मंजुळाबाई खाली बघूनच म्हणाल्या.

"म्हणान माका न विचारता घरातसून काढतास?"

"काढूक नाय गो. तुझा बरा होवचा म्हणान..."

"माझा बरा! माझा काय वायट झाला हा हयसर? मी कधी काय बोललंय?"

"तू बोलूक नाय, ताच तर! तरणा चेडू, आठ वर्सां दाराकडे बघत बसला हा, आणि मी म्हातारी ता रोज बघतंय..."

"दाराकडे?" शर्मिला म्हणाली. "आये, मी आजून वाट बघतंय असा तुमका वाटता?"

मंजुळाबाईंनी मान वर केली.

"पयल्या वर्साकच समाजला माका," शर्मिला म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "चवथीच्या गणपतीक सुद्धा येवूक नाय तेव्हाच समाजला. चवथ चुकवणारो माणूस तो?"

"मगे गळ्यातला?"

"गळ्यातला तुमच्यासाठी घालतंय. काढला तर तुमका काय वाटात म्हणान."

मंजुळाबाई मासे सोडून सुनेकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आणि मी रोज तुळशीकडे दिवो लावतंय, दिगूक येंवदे म्हणान मोठ्यान सांगतंय, ता कोणासाठी म्हणान सांगतंय? देवाक काय मोठ्यान सांगूचा लागता? तू आतसून ऐकतंस म्हणान सांगतंय. तुझी आशा सुटाक नको म्हणान."

मी आणि कुंदाताई तिथे नसतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. शर्मिला उंबऱ्यावर बसली. रडली नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती तशीच बसून राहिली आणि मंजुळाबाई उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि आपले मासळीचे हात तिच्या पाठीवरून फिरवायला लागल्या. "बांगड्याचो वास लागात हां तुका," एवढंच म्हणाल्या. ती हातांच्या आड हसली, आणि मग रडली.

चहा कुंदाताईंनी केला. परक्या घरात चूल कुठे, चहापूड कुठे, त्यांना कधीच विचारावं लागायचं नाही. चहा पिता पिता त्यांनी धंद्याच्या आवाजात सांगितलं, की सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला कोर्ट मयत मानू शकतं, त्यासाठी अर्ज करावा लागतो, त्यांच्या ओळखीचे वकील आहेत. "तो कागद झाल्याशिवाय मी लग्न लावायची नाही. आणि तुला लग्न नकोच असेल तर आत्ता सांग. नाव काढून टाकते, विषय संपला."

शर्मिलाने कपाकडे बघत विचार केला. मग माझ्याकडे वळली. एवढ्या वेळात ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

"तुमच्या त्या कॉम्प्युटरात, माहीत नाही असं लिहिता येतं का?"

"येतं," मी म्हणाले. येत नव्हतं.

"मग तसं लिहा. नाव राहू दे." कप खाली ठेवून म्हणाली, "आणि अपेक्षा काय लिहिलीय यांनी?"

"काही नाही असं आहे."

"काही नाही कसं? लिहा, सासूबाई माझ्याबरोबर राहतील."

"गप गो!" मंजुळाबाई म्हणाल्या. "असा लिवला तर कोण येतलो?"

"नाय आलो तर नाय आलो."

परत येताना कुंदाताईंनी मोपेड सावकाश चालवली. मागच्या पिशवीत मंजुळाबाईंनी पैसे न घेता दिलेले सुके बांगडे होते. परुळ्याच्या चढावर त्या म्हणाल्या, "येतं म्हणालीस खरी. आता?"

दुसऱ्या दिवशी मी आठल्येंना फोन केला. त्यांना आधी वाटलं मी किंमत सांगायला फोन केलाय.

"काय लिहू मग? बोला."

"निलच."

"मॅडम, परत तेच? दसरा चार दिवसांवर आलाय."

"सर, तुमच्या यादीत तीनच शब्द आहेत. आमची मुलगी त्यातली एकही नाही."

"असं कसं होईल? माणूस काहीतरी असतोच ना."

मी त्यांना सांगितलं. सगळं नाही. ट्रॉलरचं सांगितलं, वादळाचं सांगितलं, आईने जागा का मोकळी ठेवली ते सांगितलं. पलीकडे नुसता पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं ते उठून गेले.

"हॅलो?"

"आहे मी," आठल्ये म्हणाले. "माझा मोठा भाऊ आसामला होता. आर्मीत. दोन महिने आम्हाला कळत नव्हतं. दोनच महिने. मग कळलं. आई तेव्हा फोन उचलायची नाही. वाजला की मोरीत जायची."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला धरला.

"वैवाहिक स्थितीला निल चालेल असं करतो मी," ते म्हणाले. "एका ओळीचं काम आहे. पण वेबसाइटवर काय दिसू दे तिथे? मोकळं सोडलं तर लोकांना वाटेल आमची चूक आहे. माहीत नाही असं टाकू?"

मी कुंदाताईंना विचारलं. त्या अंगठ्याने टाळूवरचं तेल जिरवत बसल्या होत्या.

"माहीत नाही लिहिलं तर लोक वाट्टेल ते समजतील," त्या म्हणाल्या. "प्रत्यक्ष भेटीत सांगू, असं लिहायला सांग. ज्याला भेटायचं नाही त्याला कळूनही उपयोग नाही."

तेच झालं. दसऱ्याला वेबसाइट सुरू झाली आणि शर्मिला खवणेकर या नावापुढे ते तीन शब्द दिसायला लागले. नंतर आठल्येंनी सांगितलं, की बाकीच्या मंडळांनीही त्या तीन शब्दांचा वापर सुरू केला. कोणाचा खटला चालू होता, कोणाचं लग्न आठवड्यात मोडलं होतं, कोणाला नुसतंच सगळ्या जगाला सांगायचं नव्हतं.

शर्मिलाच्या स्थळाला फोन फार आले नाहीत. आले त्यांना कुंदाताई आधी सगळं सांगायच्या. निम्मे कोर्टापाशी गळायचे, उरलेले सासूबाईंपाशी. एकाने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "होऊ दे कोर्टाचं. मग येतो." कुंदाताईंनी अशी वाक्यं पुष्कळ ऐकली होती. त्यांनी नाव विचारून घेतलं, रमाकांत मेस्त, वेंगुर्ल्याला बर्फाच्या कारखान्यात मशीनवर असतात, बायको बाळंतपणात गेलेली. आणि त्या विसरून गेल्या.

कोर्टाला वर्ष लागलं. वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागली, बंदरावरच्या लोकांच्या साक्षी झाल्या. शेवटच्या तारखेला मंजुळाबाईंची साक्ष होती. त्यांना नेसायला कुंदाताईंनी आपलं इरकली लुगडं दिलं होतं. मी बाकावर शर्मिलाच्या शेजारी बसले होते.

वकिलांनी विचारलं, "आपला मुलगा जिवंत असल्याचं इतक्या वर्षांत आपण कोणाकडून ऐकलंत का?"

"नाय," मंजुळाबाई म्हणाल्या.

"त्याचा काही निरोप, फोन?"

"नाय."

"तो जिवंत असता तर आपल्याशी संपर्क केला असता का?"

त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. "साहेब, तो जित्तो असतो तर चवथीक घराक इलो असतो," त्या म्हणाल्या. मग, "आता बसू?"

न्यायाधीश म्हणाले, बसा.

त्यानंतर पंधरवड्यात खाजणवाडीच्या किनाऱ्यावर दिगंबरचे दिवस केले. मी गेले नव्हते. कुंदाताई गेल्या होत्या. आल्यावर त्यांनी दोन दिवस पडवी बंद ठेवली.

आणि मग एका रविवारी रमाकांत मेस्तांचा फोन आला. "कोर्टाचं झालं असं कळलं," ते म्हणाले. "भेटायला येऊ का?"

पुढे ते शर्मिलाचे यजमान झाले, पण त्या रविवारी खाजणवाडीच्या खळ्यात आला तो एक गोरामोरा झालेला, बुटका माणूस होता. नवा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पिशवीत बर्फात घातलेला हलवा. मासेमाराच्या घरी मासे घेऊन येणारा हा पहिलाच, असं कुंदाताई माझ्या कानात म्हणाल्या. मंजुळाबाईंनी तो हलवा कल्ले उघडून तपासला आणि काही न बोलता आत नेला. म्हणजे पास झाला.

शर्मिला कांदेपोह्यांच्या बश्या ठेवून समोर बसली. गळा मोकळा होता. तिथे कातडीवर फिकट रेघ राहिली होती.

"मी सगळं सांगते," ती म्हणाली. "मग तुम्ही ठरवा."

तिने सगळं सांगितलं. मेस्त ऐकत होते. मध्ये एकदाही मान हलवली नाही की हुंकार दिला नाही. सांगून झालं. आता ते पगाराचं काढतील किंवा सासूबाईंचं काढतील असं मला वाटलं. कुंदाताईही सरसावून बसल्या होत्या.

मेस्त मंजुळाबाईंकडे वळले.

"दिगंबर कसो होतो ओ?"

"कसो म्हणजे?" मंजुळाबाई म्हणाल्या.

"म्हणजे स्वभावान. रागीट होतो, शांत होतो? माझी बायल भारी बडबडी होती. तिच्याबद्दल कोण माका विचारूक नाय. लोकांका वाटता, माका वायट वाटात."

मंजुळाबाईंनी सुनेकडे पाहिलं. सांगू की नको, असं लहान मुलं बघतात तसं. शर्मिलाने मान हलवली.

"दिगू?" मंजुळाबाई म्हणाल्या. "एक नंबरचो लबाड!"

आणि त्या हसल्या. आठ-नऊ वर्षांत त्या घरात ते नाव फक्त तुळशीपाशी घेतलं गेलं होतं. "शाळेत जातंय म्हणान सांगी आणि खाडयेर कुर्ल्यो पकडूक जाय. एकदा मास्तर घराक इलो, तर तो मास्तराकच कुर्ल्यो देवन मोकळो! मास्तर घेवन गेलो, तक्रार करूची रवली!"

"आणि पोहायचं मी सांगते," शर्मिला म्हणाली.

"पोहायचा? ता काय गो?" मंजुळाबाई म्हणाल्या.

"लग्नानंतर मला म्हणाले, तुला पोहायला शिकवतो. कमरेएवढ्या पाण्यात नेलं, आणि खेकडा चावला तो त्यांनाच! मला तिथेच सोडून ओरडत बाहेर!"

मेस्त मोठ्याने हसले. मंजुळाबाई डोळे पुसत हसत होत्या. "ह्या माका कधी सांगूक नाय गो तू!"

"तुम्ही कधी विचारलास?"

कुंदाताईंनी माझ्या कोपराला हात लावला. आम्ही उठलो, चपला घातल्या. कोणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. मेस्त बशी मांडीवर घेऊन पुढे सरकून बसले होते आणि मंजुळाबाई हातवारे करून दिगंबर माडावर चढून कसा अडकला ते सांगत होत्या. मोपेड सुरू करायच्या आधी कुंदाताई क्षणभर तशाच थांबल्या. आतून मेस्तांचा आवाज आला, "मगे? उतारलो कसो तो?"